कुलूप नसलेला डबा

नवीन भांडे घेतले की दुकानातच त्यावर नाव कोरून घ्यायचे, ही आपल्याकडची जुनी पद्धत. लग्नात मिळालेल्या ताटावर देणाऱ्याचे नाव आणि तारीख, मंडळाच्या पातेल्यावर मंडळाचे नाव. या कोरलेल्या नावाने भांड्याला कुलूप लागत नाही. शेजारी गेलेली वाटी कोणी ठेवून घ्यायचीच म्हटली, तर नाव काही त्याचा हात धरत नाही. तरीही ते काहीतरी काम नक्की करते, नाहीतर ही पद्धत टिकली नसती. मग ते नाव नेमके काय सांभाळते? वस्तू, की वस्तूविषयीची माहिती?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण गेली दीडशेहून अधिक वर्षे काही मंडळी आपल्या वस्तू मुद्दाम उघड्यावर सोडत आली आहेत, अनोळखी माणसांच्या हाती देत आली आहेत, आणि त्यांची निदान खबर तरी मिळावी म्हणून युक्त्या शोधत आली आहेत. त्यांत वाटाडे होते, खलाशी होते, शाळामास्तर होते. एकविसाव्या शतकात त्यांत जिओकॅशिंग नावाचा खेळ खेळणाऱ्या हौशी लोकांची भर पडली. या खेळात गावोगाव फिरणाऱ्या वस्तू चोरीला जाऊ नयेत म्हणून काय काय उपाय झाले, त्यांतले कोणते लागू पडले आणि कोणते अंगाशी आले, याचा इतिहास मोठा बोलका आहे.

दलदलीतली बाटली

इंग्लंडच्या नैर्ऋत्येला डार्टमूर नावाचा उजाड, दलदलीचा माळ आहे. १८५४ साली तिथल्या जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने या माळावरच्या क्रॅनमिअर पूल या आडबाजूच्या जागी एक बाटली ठेवली. जो कोणी चिखल तुडवत तिथवर पोचेल, त्याने आपल्या नावाचे कार्ड बाटलीत टाकावे, अशी कल्पना. पुढे बाटलीच्या जागी पेटी आली, नोंदवही आली, रबरी शिक्का आला. त्यातून तिथे 'लेटरबॉक्सिंग' नावाचा छंदच सुरू झाला.

या छंदात एक सुंदर प्रथा होती. पेटीपर्यंत पोचलेला माणूस पत्ता लिहिलेले पत्र किंवा पोस्टकार्ड पेटीत ठेवून जाई. नंतर येणारा ते उचले आणि परत गेल्यावर टपालात टाके. म्हणजे एका अनोळखी माणसाची वस्तू दुसरा अनोळखी माणूस पुढे नेत असे. मधल्या काळात ती पूर्णपणे बेवारस असे.

तिचे रक्षण कोण करी? पहिले रक्षण अंतराचे. तिथवर चालत जाणे इतके कष्टाचे होते, की सहज जाताजाता हात मारणाऱ्याला ते परवडणारे नव्हते. दुसरे रक्षण वस्तूच्या क्षुल्लकपणाचे. दुसऱ्याच्या नावाने लिहिलेले पोस्टकार्ड चोरून करायचे काय? ज्याला त्याचे मोल होते तो दूर घरी बसलेला, आणि ज्याच्या हाती ते होते त्याला त्याचे मोल शून्य. हे तत्त्व लक्षात ठेवू या. पुढे ते पुन्हा भेटेल.

मास्तरांची कडी, कप्तानाच्या बाटल्या

१८९९ साली डेन्मार्कमधल्या व्हिबोर्ग गावच्या हान्स मोर्टेन्सन या शिक्षकाने साळुंकीच्या कुळातल्या स्टारलिंग पक्ष्यांच्या पायांत ॲल्युमिनियमची हलकी कडी घालून ते सोडून दिले. प्रत्येक कड्यावर एक क्रमांक आणि कळवण्याचा पत्ता कोरलेला होता. पक्षी कुठे जातात, किती जगतात हे समजून घेण्याची ही पद्धत पुढे जगभर पसरली. भारतात १९५९ पासून बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सलीम अली यांच्या मार्गदर्शनाखाली हे काम मोठ्या प्रमाणावर हाती घेतले. कड्यावर क्रमांक आणि सोसायटीला कळवावे असा मजकूर असे. इथे कडे घातलेल्या बदकांच्या खबरा थेट तेव्हाच्या सोव्हिएत संघातून येत.

यात ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की खबर देणारा पुष्कळदा शिकारी असे. पक्षी मेलेला असे, कडेही परत येईलच असे नसे. पण क्रमांक, गाव आणि तारीख एवढे कळले की संशोधकाचे काम भागत असे. वस्तू गेली तरी चालेल, माहिती जाता कामा नये, हा विचार इथे स्पष्ट दिसतो.

असाच प्रयोग समुद्रात झाला. जून १९१४ मध्ये ग्लासगोच्या नौकानयन विद्यालयातले कॅप्टन ब्राउन यांनी स्कॉटलंडजवळच्या समुद्रात १,८९० बाटल्या सोडल्या. तळाजवळचे प्रवाह कसे वाहतात ते त्यांना पाहायचे होते, म्हणून बाटल्या तळाशी राहतील इतक्या जड केल्या होत्या. प्रत्येक बाटलीत एक कार्ड होते. ही बाटली कुठे आणि केव्हा सापडली ते लिहा, कार्ड टपालात टाका, सहा पेन्स मिळतील, असे त्यावर छापलेले होते. यांतली एक बाटली शेटलंड बेटांजवळ एका मच्छीमाराच्या जाळ्यात आली ती एप्रिल २०१२ मध्ये, सुमारे ९८ वर्षांनी! तोवर एकूण ३१५ बाटल्यांचा पत्ता लागला होता. म्हणजे सहातली एक. उरलेल्या पाच हरवल्या म्हणून कोणी प्रयोग फसला असे म्हटले नाही. हरवणे हिशेबात धरूनच तो आखलेला होता. शिवाय सापडणाऱ्याचे हित (सहा पेन्स) आणि सोडणाऱ्याचे हित (माहिती) यांची गाठ घातलेली होती.

शंभर मीटरचे दहा मीटर झाले

आता थेट मे २००० मध्ये येऊ. अमेरिकेच्या जी.पी.एस. उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवरून आपण पृथ्वीवर कुठे आहोत हे कळते. पण तोपर्यंत सामान्य नागरिकांना मिळणाऱ्या संकेतांत अमेरिकी लष्कर मुद्दाम चूक मिसळत असे. त्यामुळे दाखवलेली जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे असू शके. १ मे २००० रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी ही भेसळ बंद करत असल्याचे जाहीर केले. त्याच मध्यरात्री ती बंद झाली आणि एका रात्रीत साध्या यंत्राची अचूकता सुमारे दहापट वाढली.

दहापट म्हणजे नेमका किती फरक? वर्गात हे गणित जरूर करून घ्यावे. १०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे ३१,४०० चौरस मीटर, म्हणजे चार फुटबॉल मैदानांहून जास्त. १० मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचे फक्त ३१४ चौरस मीटर. अचूकता दहापट वाढली की धुंडाळायची जागा शंभरपट कमी होते. चार मैदानांत लपवलेला डबा शोधणे हा वैताग असतो. अंगणाएवढ्या जागेत तो शोधणे हा खेळ होतो.

हे ओळखून ३ मे २००० रोजी डेव्ह अल्मर या संगणक तज्ज्ञाने ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीक गावाजवळच्या रानात एक काळी बादली अर्धवट पुरली आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत पुस्तके, संगणकाच्या आज्ञावली, गलोल, खाण्याचा डबाबंद घेवडा अशा वस्तू होत्या. अट एवढीच : काही घ्याल तर काही ठेवून जा. तीन दिवसांत दोघांनी बादली शोधून काढली. त्याच महिन्यात या खेळाला 'जिओकॅशिंग' हे नाव मिळाले. जिओ म्हणजे पृथ्वी आणि कॅश म्हणजे लपवलेला साठा. (पैसे या अर्थाचा कॅश शब्द वेगळा.) सप्टेंबर २००० मध्ये सिएटलच्या जेरेमी आयरिश यांनी या खेळासाठी संकेतस्थळ सुरू केले, तेव्हा त्यावर ७५ डब्यांची नोंद होती. आज जगभरातल्या डब्यांची संख्या तीस लाखांच्या पुढे गेली आहे.

डब्यातल्या साध्या वस्तूंबाबत चोरीचा प्रश्न सुटलेलाच होता, कारण घेणे हाच नियम होता. देवाणघेवाण बरोबरीची असावी एवढीच अपेक्षा. प्रश्न उभा राहिला तो पुढच्या पायरीवर.

दोन क्रमांकांची युक्ती

२००१ साली खेळात एक नवीन कल्पना आली. वस्तू एका डब्यात अडकून का राहावी? तिने प्रवास का करू नये? सैनिकांच्या गळ्यात असते तशी धातूची छोटी पट्टी, तिच्यावर कोरलेला एक क्रमांक, आणि ती पट्टी साखळीने एखाद्या खेळण्याला किंवा किल्लीला अडकवलेली. हिला 'ट्रॅव्हल बग' असे नाव मिळाले. त्याच सुमारास क्रमांक कोरलेली सुबक नाणीही निघाली. अशा सगळ्या वस्तूंना 'ट्रॅकेबल' म्हणतात. आपण त्यांना फिरत्या वस्तू म्हणू.

मालक फिरत्या वस्तूला एक ध्येय देतो. 'मला समुद्र पाहायचा आहे', 'मला प्रत्येक खंडात जायचे आहे' असे काहीतरी. मग तो तिला एका डब्यात ठेवतो. दुसरा खेळाडू ती उचलतो, संकेतस्थळावर तिचा क्रमांक नोंदवतो, आपल्या वाटेवरच्या दुसऱ्या डब्यात ठेवतो आणि तसे लिहितो. दोन डब्यांमधले अंतर मोजले जाते आणि वस्तूच्या प्रवासात मिळवले जाते. मालक घरबसल्या नकाशावर आपल्या किल्लीची यात्रा पाहतो.

यातली खरी करामत क्रमांकात आहे. प्रत्येक वस्तूला एक नव्हे, दोन क्रमांक असतात. पहिला जाहीर. तो संकेतस्थळावर कोणालाही दिसतो आणि त्यावरून वस्तूचा प्रवास वाचता येतो. दुसरा गुप्त. तो फक्त वस्तूवर कोरलेला असतो, आणि नोंद करायची तर तो सांगावा लागतो. म्हणजे गुप्त क्रमांक माहीत असणे हा वस्तू प्रत्यक्ष पाहिल्याचा पुरावा ठरतो. बँकेच्या खात्याचा क्रमांक आणि ए.टी.एम.चा गुप्त आकडा यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. एक ओळख सांगतो, दुसरा अधिकार देतो.

ही व्यवस्था वस्तूच्या हालचालींवर लक्ष ठेवते. पण वस्तूचे रक्षण करत नाही. कारण ज्याला चोरायची आहे तो नोंद कशाला करील?

चोरी, विसर आणि अज्ञान

फिरत्या वस्तू गायब होऊ लागल्या तेव्हा खेळाडूंनी साहजिकच चोरांना शिव्या घातल्या. पण हळूहळू लक्षात आले की सगळी हानी एका जातीची नाही.

पहिला प्रकार अज्ञानाचा. खेळात नसलेल्या माणसाला हे खेळाडू हॅरी पॉटरच्या गोष्टींतला शब्द घेऊन 'मगल' म्हणतात. अशा माणसाला योगायोगाने डबा सापडतो, आणि त्याला ते बेवारस सामान वाटते. नवखा खेळाडू किंवा एखादे लहान मूलही फिरती वस्तू देवाणघेवाणीची समजून घरी नेते. यात वाईट हेतू नाही.

दुसरा प्रकार विसराचा. वस्तू उचलणारा प्रामाणिक असतो, पण ती पिशवीच्या कप्प्यात राहते. पुढे त्याचा खेळातला रस संपतो आणि वस्तू टेबलाच्या खणात जाऊन पडते.

तिसरा प्रकार खऱ्या चोरीचा. नाणी दिसायला देखणी असतात आणि ती जमवणारे शौकीन असतात. डब्यात ठेवलेले सुंदर नाणे पुढे न सरकणे ही इतकी नेहमीची तक्रार झाली, की अनेक मालकांनी नाणी सोडणेच बंद केले.

चौथा प्रकार सर्वांत नवलाचा. यात वस्तू जागच्या जागी राहते आणि फक्त क्रमांक चोरला जातो. कोणीतरी वस्तूचे छायाचित्र काढून ते क्रमांकासह प्रसिद्ध करतो. मग वस्तू कधीही न पाहिलेले लोक ती पाहिल्याच्या नोंदी करू लागतात. अशा क्रमांकांच्या याद्याही फिरू लागल्या. वस्तू हाती आहे, पण तिचा इतिहास खोटा झाला! पक्ष्याच्या कड्याचा क्रमांक कोणी घरबसल्या कळवावा तसेच हे.

या चार रोगांवर एकच औषध चालणार नाही हे उघड आहे. तरीही सुरुवातीला सगळ्यांचे लक्ष तिसऱ्या प्रकाराकडेच होते.

प्रामाणिक माणसांचे गणित

चोर मुळीच नाहीत असे क्षणभर धरू. फिरती वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते त्या प्रत्येक वेळी ती नीट पुढे जाण्याची शक्यता ९० टक्के आहे असे समजू. ऐकायला हे चांगले वाटते. दहातले नऊ जण चोख वागतात, आणखी काय हवे?

पण दोन हातबदल निभावण्याची शक्यता ०.९ गुणिले ०.९, म्हणजे ८१ टक्के. दहा हातबदल निभावण्याची शक्यता सुमारे ३५ टक्के. वीस हातबदलांनंतर शंभरातल्या जेमतेम १२ वस्तू उरतात. किरणोत्सारी मूलद्रव्याच्या ऱ्हासाचे जे गणित दहावी-अकरावीत आपण शिकवतो, तेच हे. इथे अर्धायुष्य सुमारे साडेसहा हातबदलांचे आहे. म्हणजे शंभर वस्तूंतल्या बऱ्याचशा हरवल्या, याचा अर्थ जग चोरांनी भरले आहे असा होत नाही. दहांतल्या एकाचा विसराळूपणा तेवढ्याला पुरतो.

आता हीच शक्यता ९० वरून ९५ टक्के केली तर? दहा हातबदलांनंतर ६० वस्तू उरतात आणि वीस हातबदलांनंतर ३६. शक्यता ९८ टक्के केली तर वीस हातबदलांनंतरही ६७ वस्तू उरतात. प्रत्येक टप्प्यावरच्या छोट्या सुधारणेचा शेवटी केवढा मोठा परिणाम होतो पाहा! हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत, पण त्यांवरून एक कसोटी हाती येते. उपाय चांगला की वाईट हे ठरवताना तो एखाद्या चोराला अडवतो का, एवढेच पाहून भागत नाही. दर हातबदलाला होणारी गळती तो कमी करतो का, आणि ती करताना हातबदलच थांबवतो का, हेही पाहावे लागते.

उपायांची परीक्षा

पहिला उपाय सर्वांना सुचतो तो : कुलूप. विमानतळांजवळ, महामार्गांलगत खेळाडूंनी मोठे डबे ठेवले होते. प्रवाशांनी तिथे वस्तू ठेवाव्यात आणि तिथून न्याव्यात. त्यांना 'ट्रॅव्हल बग हॉटेल' म्हणत. एकाच ठिकाणी पुष्कळ वस्तू, म्हणून एकाच वेळी पुष्कळ हानी. मग काहींनी डब्यांना आकड्यांची कुलपे लावली. काहींनी जागेचा पत्ता वर्गणीदार सभासदांपुरताच ठेवला. काहींनी नियम केला की एक वस्तू ठेवल्याशिवाय दुसरी नेता येणार नाही. या शेवटच्या नियमाचा परिणाम मजेदार झाला. वस्तू सुरक्षित राहिल्या, पण हलेनात. ज्याच्याकडे ठेवायला काही नाही असा प्रवासी, तो दूर देशी जाणारा असला तरी, रिकाम्या हाताने परत जाई. खेळाडू अशा हॉटेलांना 'तुरुंग' म्हणू लागले. ज्या वस्तूचा अर्थच प्रवासात आहे, तिला बंद करून वाचवली म्हणजे काय वाचवले?

दुसरा उपाय वस्तूचा मोह कमी करण्याचा. काही मालकांनी देखण्या नाण्याला सरळ भोक पाडले आणि त्यातून साखळी ओवली. भोक पडलेले नाणे संग्राहकाच्या दृष्टीने वाया गेले, पण प्रवासाला पूर्वीइतकेच योग्य राहिले. काहींनी नाणे घरीच ठेवले आणि त्याचे चित्र, त्यावर क्रमांक लिहून, प्लॅस्टिकचे आवरण घालून फिरायला पाठवले. पाहणाऱ्याचा थोडा हिरमोड झाला, पण वस्तू टिकली. डार्टमूरच्या पोस्टकार्डाचे तत्त्व ते हेच : जे चोरून उपयोग नाही, ते चोरीला जात नाही.

तिसरा उपाय सर्वांत स्वस्त. वस्तूला एक लहानसे कार्ड जोडायचे. 'मी प्रवासाला निघालो आहे. मला ठेवून घेऊ नका. माझा क्रमांक नोंदवा आणि मला पुढच्या डब्यात पोचवा.' हे कार्ड चोरावर काहीच परिणाम करत नाही. पण अजाण माणसाला जाणता करते आणि विसराळूला आठवण देते. गळतीतला जो भाग अज्ञानाचा आणि विसराचा, त्यावर हा नेमका इलाज. कॅप्टन ब्राउनच्या बाटलीतले कार्ड याच जातीचे.

चौथा उपाय विम्यासारखा. ट्रॅव्हल बगच्या दोन सारख्या पट्ट्या मिळतात. एक वस्तूला लावायची, दुसरी मालकाने जपून ठेवायची. वस्तू हरवलीच, तर दुसरी पट्टी नव्या वस्तूला लावून प्रवास पुढे सुरू करता येतो. क्रमांक तोच, म्हणून इतिहासही तोच. इथे एक तात्त्विक पेच आहे. दांडा बदलला, मग पाते बदलले, तरी कुऱ्हाड तीच का? खेळाडूंनी त्याचे उत्तर व्यवहारात दिले : ओळख धातूत नाही, नोंदवहीत आहे.

पाचवा उपाय नोंदणीचा. एकदा क्रमांक मालकाच्या नावावर नोंदला गेला की तो चोराला आपल्या नावावर करून घेता येत नाही. नोंद न झालेल्या कोऱ्या नाण्याला संग्राहकांत जी किंमत असते ती मग या नाण्याला येत नाही. भांड्यावर कोरलेले नाव नेमके हेच काम करते. ते चोराचा हात धरत नाही, पण वाटी उजळ माथ्याने पंगतीत मांडू देत नाही.

आणि चौथ्या प्रकारच्या चोरीवर, म्हणजे क्रमांकाच्या चोरीवर, उपाय एकच : छायाचित्र काढताना क्रमांकावर बोट ठेवा. हा साधा शिष्टाचार शिकवावा लागतो, तो यंत्राने लादता येत नाही.

मंगळावरचा क्रमांक

कोणीच चोरू शकणार नाही अशा जागी ठेवलेल्या फिरत्या वस्तूही आहेत. नोव्हेंबर २०१३ मध्ये अंतराळवीर रिक मास्ट्राकियो यांनी एक ट्रॅव्हल बग आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेला. त्याहून लांबचा प्रवास 'पर्सिव्हिअरन्स' या मंगळावरच्या गाडीने केला. ही गाडी ३० जुलै २०२० रोजी निघाली आणि १८ फेब्रुवारी २०२१ रोजी जेझेरो विवरात उतरली. तिच्यावर 'शेरलॉक' नावाचे, खडकांतली रसायने शोधणारे उपकरण आहे. ते नीट चालते की नाही हे तपासण्यासाठी काही ठरावीक पदार्थांचे नमुने गाडीवर बसवले आहेत. त्यांत अंतराळवीरांच्या शिरस्त्राणाच्या काचेसाठी वापरायच्या पॉलिकार्बोनेटचा एक तुकडा आहे. त्यावर फिरत्या वस्तूचा क्रमांक कोरलेला आहे. उपकरणाच्या कॅमेऱ्याने पाठवलेल्या चित्रांत तो शोधावा आणि नोंद करावी, असे आमंत्रणच खेळाडूंना दिले गेले.

पृथ्वीवर जी लबाडी ठरते, म्हणजे चित्रातला क्रमांक पाहून नोंद करणे, तीच मंगळाच्या बाबतीत खेळाची रीत झाली. यात विसंगती नाही. पृथ्वीवर क्रमांक म्हणतो, 'याने मला हातात घेतले.' मंगळावरून तोच क्रमांक म्हणतो, 'याने चित्रे नीट पाहिली.' क्रमांक कशाची साक्ष देतो हे आधी ठरवावे लागते, आणि मग ती साक्ष खोटी ठरणार नाही एवढे जपावे लागते.

अल्मरच्या पहिल्या बादलीतला घेवड्याचा एक डबाही पुढे सापडला. त्याला क्रमांक देऊन फिरती वस्तू केले गेले, आणि खेळाडूंच्या मेळाव्यांत तो लोकांना पाहायला मिळत आला. मात्र तो कोणत्या डब्यात एकटा ठेवला जात नाही, माणसांच्या सोबतीने फिरतो. ज्याची जागा दुसरी पट्टी भरून काढू शकत नाही अशा वस्तूला अनोळखी हातांत सोडू नये, हा शहाणपणाही याच इतिहासातला.

वर्गातले कपाट

आपल्या अनेक शाळांत पुस्तके असतात, पण ती कपाटात असतात आणि कपाटाला कुलूप असते. कारण विचारले तर उत्तर ठरलेले : 'मुले हरवतात, मग आमच्याकडून भरून घेतात.' ही भीती खोटी नाही. पुस्तकांच्या यादीतला प्रत्येक आकडा ज्या शिक्षकाच्या सहीवर उभा असतो, त्याला ती वाटणारच. पण ट्रॅव्हल बगच्या 'तुरुंगा'ची गोष्ट इथे आठवावी. कुलपातले पुस्तक सुरक्षित आहे हे खरे. ते वाचले जात नाही हेही तितकेच खरे.

वर पाहिलेल्या उपायांतले बरेचसे शाळेत आणता येतात. पहिल्या पानावर शाळेचा शिक्का आणि क्रमांक. आत एक कार्ड : 'मी सहावीच्या वर्गाचे पुस्तक आहे. वाचून झाले की पुढच्याला द्या.' मागच्या पानावर वाचणाऱ्याचे नाव आणि तारीख, म्हणजे पुस्तकाचा प्रवास सर्वांना दिसेल. महागडा कोश कपाटात राहू द्यावा, पातळ गोष्टीची पुस्तके बाहेर काढावीत. वर्षाच्या शेवटी किती हातबदल झाले आणि किती पुस्तके उरली हे मुलांनाच मोजू द्यावे. त्यावरून दर हातबदलाला टिकण्याची शक्यता किती निघते, ती गेल्या वर्षीपेक्षा वाढली का, कार्ड लावलेल्या आणि न लावलेल्या पुस्तकांत फरक पडला का, हे काढता येईल. आठवी-नववीच्या मुलांना हे गणित सहज जमते, आणि त्यातले आकडे त्यांच्या स्वतःच्या वागण्याचे असतात.

मुख्य म्हणजे, वर्षाकाठी काही पुस्तके हरवणारच हे मुख्याध्यापकांनी आणि तपासणीला येणाऱ्यांनी आधीच मान्य करायला हवे. कॅप्टन ब्राउनच्या १,८९० बाटल्यांपैकी १,५७५ परत आल्या नाहीत. तरी त्यांचा हिशेब त्यांच्याकडून कोणी वसूल केला नाही, कारण त्या बाटल्या परत येण्यासाठी नव्हे, काहीतरी शिकण्यासाठी सोडल्या होत्या. पुस्तकेही त्यासाठीच असतात.